खड्डा सर्वांचा, भुर्दंड एकट्याचा

श्रावण सरता सरता रत्नागिरीतल्या कोणत्याही मोटार गॅरेजात डोकावून पाहावे. गाड्या जॅकवर चढवलेल्या असतात, चाके काढून भिंतीशी लावून ठेवलेली असतात आणि मिस्त्री गाडीखाली आडवा होऊन एकेक सांधा हलवून पाहत असतो. मालकाला तो एकच प्रश्न विचारतो, ‘‘कुठं आपटली?’’ उत्तरेही ठरलेली असतात. निवळीचा घाट, बावनदी, संगमेश्वर, आरवली, पाली. शहरातल्या शहरात आपटली असेल, तर कसल्याशा वाहिनीसाठी खणून अर्धवट बुजवलेला चर. गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या गाड्यांची त्यात भर पडली की साथीच्या दिवसांतल्या सरकारी दवाखान्याची आठवण व्हावी, अशी रांग लागते. फरक इतकाच की साथीच्या रोग्याची निदान कुठेतरी नोंद होते. या गाड्यांची नोंद कुठेच होत नाही. मालक पैसे मोजतो, मनातल्या मनात दोन शब्द बोलतो आणि गाडी घेऊन घरी जातो. शासनाच्या लेखी काही घडलेलेच नसते.

शासनाच्या लेखी न घडलेल्या या गोष्टीविषयी आज लिहावयाचे आहे. खड्ड्यांवर वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते, खड्ड्यांत वृक्षारोपणही होते, छायाचित्रे छापून येतात. पण खड्ड्यात आपटलेल्या गाडीचे पैसे कुणी द्यावयाचे, हा साधा, रोकडा प्रश्न कुणी विचारत नाही. तो विचारला गेला नाही म्हणूनच खड्डा आजवर कुणाला महाग पडलेला नाही. महाग पडतो तो केवळ त्यात आपटणाऱ्याला.

आमचाच अनुभव सांगतो. जिल्ह्यातल्याच एका रस्त्याने गेल्या पावसाळ्यात रात्री परतत होतो. पाऊस कोसळत होता, समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांनी डोळे दिपलेले होते. रस्त्यावर पाण्याचे एक डबके दिसले. डबके म्हणजे डबकेच असणार, अशी समजूत करून घेण्याइतका भाबडेपणा आमच्यात अजून शिल्लक होता. पुढचे डावे चाक आत गेले आणि दगडावर घण घालावा तसा आवाज झाला. गाडी बंद पडली नाही, दिवे चालू होते, घरी कुटुंब वाट पाहत होते. तसेच पुढे निघालो. सकाळी पाहतो तो स्टेअरिंग डावीकडे ओढते आहे आणि टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आलेला आहे. गॅरेजात तपासणी झाली. लोअर आर्म वाकलेला, बॉल जॉइंट सैल झालेला, शॉकॲब्सॉर्बरचे सील फाटून तेल ओघळलेले. बिल अठरा हजारांच्या घरात गेले. विमा होता. परंतु विम्याच्या माणसाचा पहिलाच प्रश्न असा होता की, ‘‘आपटल्यावर गाडी चालवत घरी आणलीत का?’’ आणली होती. तिथेच आमची बाजू पडली.

यात आमची चूक होती, हे मान्य केले पाहिजे. आणि ती चूक दर पावसाळ्यात हजारो सज्जन माणसे करतात, म्हणून थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. चाक खड्ड्यात उतरते तेव्हा खरा आघात उतरण्याचा नसतो, समोरच्या कडेवर आदळण्याचा असतो. त्या क्षणी टायरची बाजू लोखंडी रिम आणि खड्ड्याची धार यांच्यामध्ये अडकित्त्यातल्या सुपारीसारखी सापडते. आतले धागे तुटतात आणि हवेच्या दाबाने तेवढी जागा बाहेर येते, तोच फुगा. असा टायर पंक्चरसारखा दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो, कारण तो पुढे केव्हाही, बहुधा वेगात असताना, फुटतो. आघात तेथे थांबत नाही. तो रिममधून लोअर आर्मला, बॉल जॉइंटला, रबरी बुशांना आणि शॉकॲब्सॉर्बरच्या दांड्याला जाऊन भिडतो. स्प्रिंग धक्का झेलते आणि शॉकॲब्सॉर्बर त्या स्प्रिंगची उसळी शमवतो. त्यातले तेल गेले की चाक रस्त्याला चिकटून राहत नाही, उड्या मारू लागते. आणि जे चाक रस्त्यावर टेकलेलेच नाही, त्याचा ब्रेक काय कामाचा? चाकांचे कोन बिघडले की टायर एकाच बाजूने झिजतो. म्हणजे जुलैत बसलेल्या धक्क्याचे आणखी एक बिल दिवाळीत येते. ताशी ३० किलोमीटर वेगातल्या गाडीपेक्षा ६० च्या वेगातल्या गाडीत चौपट ऊर्जा असते, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. खड्डा तो धडा पुन्हा घेतो.

म्हणून आपटल्याबरोबर सुरक्षित जागा पाहून थांबावे. चारही टायरांच्या दोन्ही बाजू हात फिरवून पाहाव्यात, रिम वाकली आहे का ते पाहावे, गाडीखाली तेल ठिबकते का ते पाहावे. मग अगदी सावकाश थोडे अंतर चालवून स्टेअरिंग ओढते का, थरथरते का, खडखड येते का, याचा अंदाज घ्यावा. यातले एकही लक्षण दिसले, तर गाडी टोचण करून न्यावी. खड्डा टळणारच नसेल, तर ब्रेक आधी दाबून वेग कमी करावा आणि चाक आत पडण्यापूर्वी ब्रेक सोडावा. दाबलेल्या ब्रेकने गाडीचे नाक आधीच खाली झुकलेले असते आणि पुढच्या स्प्रिंगला धक्का झेलण्यास जागाच उरत नाही. खड्डा चुकवण्यासाठी समोरच्या वाहनाच्या वाटेत मात्र कधीही शिरू नये. गाडी दुरुस्त होते.

आता विम्याकडे वळू. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या मोटार विम्याच्या प्रमाणित मसुद्यात एक कलम आहे. अपघात झाल्यानंतर आवश्यक दुरुस्ती करण्यापूर्वी गाडी चालवली आणि त्यामुळे नुकसान वाढले, तर ते वाढलेले नुकसान सर्वस्वी गाडीमालकाच्या जोखमीवर. पॉलिसी घेताना हे कलम कोण वाचतो? टायरचे कलम आणखी मासलेवाईक आहे. नुसता टायर फुटला, तर काही मिळत नाही. त्याच वेळी गाडीचेही नुकसान झाले असेल, तरच टायरच्या किमतीच्या जास्तीत जास्त निम्मे मिळतात. रबराच्या व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. प्रत्येक दाव्यात पहिले १००० रुपये, आणि १५०० सीसीहून मोठ्या गाडीला २००० रुपये, मालकाने सोसावयाचे असतात. झीज व यांत्रिक बिघाड यांना तर संरक्षणच नाही. म्हणजे शॉकॲब्सॉर्बर आपटून गेला की झिजून गेला, हा वाद शिल्लक राहतोच. आणि दावा केला की ‘नो क्लेम बोनस’ जातो. पाच वर्षे सांभाळून गाडी चालवणाऱ्याला हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सवलत असते. शासनाच्या खड्ड्याने ती एका रात्रीत शून्यावर येते. घसारा न कापणारी जोड-पॉलिसी मिळते, तिचा हप्ता अर्थात वेगळा. परिणामी पंधरा-वीस हजारांच्या नुकसानीत शहाणा माणूस हिशेब करतो आणि दावाच करत नाही. रस्त्याचा दोष अशा रीतीने विम्याच्या दप्तरातूनही नाहीसा होतो.

मग कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९८-अ हे कलम आले. रस्त्याची आखणी, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे केली नाही, तर संबंधित अधिकाऱ्याला, ठेकेदाराला वा सल्लागाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड. कलम चांगले आहे. पण त्यासाठी त्या हयगयीमुळे कुणाचा तरी मृत्यू झाला पाहिजे किंवा कुणाला अपंगत्व आले पाहिजे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ पासून स्वतःहून दखल घेऊन चालवलेल्या प्रकरणात, चांगला रस्ता हा राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी याच न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले. खड्ड्यामुळे वा उघड्या गटारामुळे मृत्यू आल्यास वारसांना ६ लाख रुपये, जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये, दावे ठरवण्यासाठी समित्या आणि दिलेल्या रकमेची जबाबदार असणाऱ्यांकडून वसुली, असा तो आदेश आहे. रस्त्यावर जिवाची किंमत लागली, हे स्वागतार्हच. विशेषतः दुचाकीवर बायकामुलांना घेऊन निघणाऱ्यांसाठी, कारण ज्या खड्ड्यात मोटारीचा लोअर आर्म वाकतो, त्याच खड्ड्यात दुचाकीस्वार मागच्या ट्रकखाली जातो.

मात्र या दोन्ही तरतुदींची सुरुवात रक्त सांडल्यानंतर होते. रक्त सांडण्यापूर्वी तोच खड्डा शेकडो गाड्यांना धक्के देऊन आपले अस्तित्व जाहीर करत असतो. त्या शेकडो धक्क्यांची दखल घेणारी यंत्रणा असती, तर शेवटचा, जीवघेणा धक्का कदाचित टळला असता. आज अठरा हजारांच्या नुकसानीसाठी शासनाविरुद्ध जावयाचे म्हटले, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ८० व्या कलमाखाली आधी नोटीस द्यावयाची, दोन महिने थांबावयाचे, मग दावा लावावयाचा, वकील द्यावयाचा आणि तारखांना त्याच रस्त्याने न्यायालयात जावयाचे. तोवर आणखी एक शॉकॲब्सॉर्बर जातो. टोल भरलेल्या रस्त्याच्या बाबतीत ग्राहक आयोगाचे दार किलकिले आहे, कारण तेथे मोबदला देऊन सेवा घेतलेली असते. रस्ता-कर मात्र कायद्याच्या भाषेत ‘मोबदला’ नव्हे, तो कर आहे. गाडी घेताना किमतीच्या अकरा टक्के किंवा त्याहून अधिक रक्कम एकरकमी भरावी, प्रत्येक लिटर इंधनामागे रस्त्यांसाठीचा उपकर भरावा आणि तरीही रस्त्याचे ‘ग्राहक’ म्हणवून घेता येऊ नये, ही गंमत कायदेपंडितांनाच कळो. टोलविषयी सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये केरळमधील पालियेक्करा टोलनाक्याच्या प्रकरणात जी भूमिका घेतली, ती येथे आठवते. रस्ता दुरवस्थेत असेपर्यंत टोल थांबवण्याचा केरळ उच्च न्यायालयाचा आदेश त्याने उचलून धरला. खड्ड्यांतून वाट काढणाऱ्या प्रवाशाने वर पैसेही मोजावेत, हे न्यायालयाला पटले नाही.

‘कोकणात पाऊसच इतका पडतो, रस्ते टिकणार कसे?’ हे उत्तर आपण इतक्या वेळा ऐकले आहे की आपणच ते एकमेकांना देऊ लागलो आहोत. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे खरे. डांबराचे पाण्याशी वैर आहे, हेही खरे. बारीक भेगेतून पाणी आत जाते, खडीला धरून ठेवणारे डांबर सुटते, खालचा थर मऊ होतो, वरून जाणाऱ्या प्रत्येक चाकाने ते पाणी दाबाने आत-बाहेर होते आणि एके दिवशी वरचा पापुद्रा उडतो. पण यात नवे काय आहे? म्हणूनच तर रस्त्याला दोन्ही बाजूंना उतार द्यावयाचा असतो, गटारे मे महिन्यात साफ करावयाची असतात, भेगा पावसाआधी भरावयाच्या असतात. खड्डा बुजवण्याची पद्धतही ठरलेली आहे. कडा उभ्या, चौकोनी कापून घ्यायच्या, आतली माती आणि पाणी काढायचे, डांबराचा हात द्यायचा, थराथराने भरून रोलरने दाबायचे. आपल्याकडे टेम्पोतून ओली खडी आणि माती येते, दोन माणसे फावड्याने ती पाण्यात लोटतात आणि पुढे जातात. फार कौतुक झाले, तर पेव्हर ब्लॉक. दुसऱ्या दिवशी तीच खडी उडून मागच्या गाडीची काच फोडते.

पावसाची सबब सांगणाऱ्यांनी एकदा पानवल नदीवरच्या रेल्वे पुलाकडे मान वर करून पाहावे. रत्नागिरीजवळच्या या पुलाची उंची सुमारे ६४ मीटर आहे. जवळच करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना १९९० ची आणि संपूर्ण मार्गावर गाडी धावली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. हाच जांभा, याच दऱ्या, हाच पाऊस. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला पनवेल ते इंदापूर या टप्प्यावर २०११ मध्ये सुरुवात झाली. त्यानंतर या रस्त्याच्या किती मुदती जाहीर झाल्या आणि किती टळल्या, हे मोजणेही लोकांनी सोडून दिले. रस्त्याचा क्रमांक १७ चा ६६ झाला, एवढा बदल मात्र वेळेत पार पडला. आणि येथे आपल्यातुपल्याचा भेद करून चालणार नाही. या काळात केंद्रात आणि राज्यात सर्व रंगांची सरकारे येऊन गेली. आपल्याला जवळची वाटणारी माणसे सत्तेत आहेत म्हणून खड्डा उथळ होत नाही, आणि विरोधक सत्तेत असतानाच आपल्याला तो खोल दिसत असेल, तर दोष आपल्या दृष्टीत आहे.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र या जिल्ह्याने विसरू नये. महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या गेल्या. एक जयगडहून मुंबईला निघालेली, दुसरी राजापूरहून बोरिवलीला. दोन्ही गाड्या आपल्याच जिल्ह्यातून सुटलेल्या. त्यानंतर नवा पूल ५ जून २०१७ रोजी, म्हणजे वर्षाच्या आत, वाहतुकीसाठी खुला झाला. काम करावयाचे ठरवले, तर होते, हे त्यातून दिसलेच. पण त्यासाठी काय घडावे लागले, हेही दिसले.

परदेशाचे गोडवे गाण्याची आम्हाला हौस नाही. परंतु ब्रिटनमधील एक पद्धत पाहण्याजोगी आहे. तेथील १९८० च्या महामार्ग कायद्याच्या ४१ व्या कलमाने रस्ता सुस्थितीत ठेवणे हे संबंधित प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले आहे. खड्ड्यात गाडी आपटली, तर तेथे स्थायिक झालेला एखादा रत्नागिरीकरही स्थानिक कौन्सिलकडे अर्ज करू शकतो. जागा, तारीख, वेळ, खड्ड्याचे छायाचित्र, दुरुस्तीचे बिल. दावा मंजूर होतोच असे नाही. त्याच कायद्याच्या ५८ व्या कलमाने प्राधिकरणाला बचाव दिला आहे. मात्र त्यासाठी रस्त्याची वेळोवेळी पाहणी केली होती, हे त्याला नोंदी दाखवून सिद्ध करावे लागते. मर्म आहे ते इथे. दावा फेटाळण्यासाठी का होईना, यंत्रणेला रस्ता पाहावा लागतो आणि पाहिल्याचे लिहून ठेवावे लागते. आपल्याकडे नेमके तेच होत नाही.

म्हणून आमची मागणी नवीन महामार्गाची नाही. त्या घोषणा ऐकून कान किटले आहेत. मागणी साधी आहे. खड्ड्यामुळे झालेल्या वाहनाच्या नुकसानीचा अर्ज घेणारी एक खिडकी जिल्हाधिकारी कार्यालयात असावी. रस्ता महामार्गाचा, सार्वजनिक बांधकामचा, जिल्हा परिषदेचा की नगरपरिषदेचा, हे शोधण्याची जबाबदारी अर्जदारावर नको. आज निम्मे अर्ज ‘हा रस्ता आमच्याकडे नाही’ या एका वाक्यात मरतात. प्रत्येक रस्त्याच्या दोन्ही टोकांना ठेकेदाराचे नाव आणि दोष-दायित्वाचा कालावधी किती तारखेपर्यंत आहे, याचा फलक हवा. त्या कालावधीत पडलेल्या खड्ड्याची भरपाई ठेकेदाराच्या अनामत रकमेतून व्हावी. उच्च न्यायालयाने मृत्यू आणि दुखापतीसाठी ज्या समित्या सांगितल्या, त्यांनाच हे कामही देता येईल. आरंभी रक्कम थोडी असली, तरी हरकत नाही. पाच हजार रुपये जरी एखाद्या ठेकेदाराच्या खात्यातून खरोखर कापले गेले, तर पुढच्या मे महिन्यात गटारे साफ होतील.

शासन हे उद्या करील, असा आमचा समज नाही. तोवर नोंदीचे काम आपल्याला करता येण्यासारखे आहे. आपल्या कार्यकर्त्यांनी महापुरात, दरडीखाली, जेथे गरज पडली तेथे कामे केली आहेत. त्या मानाने हे काम कंटाळवाणे आहे, फुले-हार मिळण्यासारखे नाही. प्रत्येक गावात एक वही ठेवावी. रस्ता, जवळचा किलोमीटरचा दगड, तारीख, वाहन, काय तुटले, किती खर्च आला. सोबत छायाचित्र आणि गॅरेजच्या बिलाची प्रत. गॅरेजवाल्याला विनंती करावी, की बिलावर ‘खड्ड्यात आपटल्याने’ एवढे दोन शब्द लिहीत जा. रिक्षावाल्यांच्या थांब्यावर विचारावे, आंब्याच्या पेट्या वाशीला नेणाऱ्या टेम्पोवाल्याला विचारावे. पाटा कुठे तुटला, हे त्यांना आपल्यापेक्षा अचूक ठाऊक असते. महिनाअखेरीस त्या पानांची प्रत माहितीच्या अधिकारातील अर्जासह संबंधित कार्यालयात द्यावी आणि एकच विचारावे की, या ठिकाणी शेवटची पाहणी कोणत्या दिनांकास झाली? उत्तरासाठी कायद्याने ३० दिवसांची मुदत आहे.

आमच्या वहीतले पहिले पान आम्ही भरले आहे. ज्या खड्ड्यात गाडी आपटली, तो पाहण्यासाठी दिवसाउजेडी पुन्हा गेलो होतो. तो पेव्हर ब्लॉकने बुजवलेला होता. त्यातले दोन ब्लॉक निघून कडेला पडले होते आणि कुणा वाटसरूने शहाणपणाने त्या भोकात झाडाची एक फांदी रोवून ठेवली होती.